मोटारहोमच्या छतावर सौर पॅनेल : गरज किती, हौस किती?

प्रवासाचे वाहन आणि मुक्कामाचे घर एकाच सांगाड्यात सामावणारे मोटारहोम आता भारतीय रस्त्यांवर नवलाईचे राहिलेले नाही. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील वागमण येथे कॅरॅव्हॅन पार्क सुरू झाले. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांबरोबरच निवृत्तीनंतर देश पाहण्यासाठी स्वतःची गाडी बांधून घेणारी कुटुंबेही वाढत आहेत. गाडीचा आराखडा तयार होऊ लागला, की बहुतेकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : छतावर सौर पॅनेल बसवावे का?

उन्हाची कमतरता नसलेल्या देशात या प्रश्नाचे उत्तर उघड आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. भारताच्या बहुतांश भागांत प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ४ ते ७ युनिट इतकी सौर ऊर्जा पोहोचते. तरीही अनेक मोटारहोमना पॅनेलची गरज नसते आणि काहींचे त्यावाचून भागत नाही. हा फरक उन्हापेक्षा गाडीच्या वापरावर अधिक अवलंबून असतो. गाडी एका ठिकाणी, विजेच्या जोडणीशिवाय, सलग किती दिवस उभी राहणार आहे, हे एकदा निश्चित झाले, की उरलेले बरेचसे गणित आपोआप सुटते.

आधी वापराचा हिशेब

मोटारहोममध्ये सामान्यतः दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी घरातील दिवे, पंखे, शीतकपाट यांसाठी. सौर पॅनेलचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या, म्हणजे घरगुती बॅटरीशी असतो. म्हणून पहिली पायरी पॅनेलच्या किमती विचारण्याची नसून, दिवसाला किती वीज लागते हे कागदावर मांडण्याची आहे. विजेचा एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. उपकरणाचे वॅट आणि वापराचे तास यांचा गुणाकार केला, की त्याचा खर्च निघतो.

दोन माणसांच्या साध्या मुक्कामाचे उदाहरण घेऊ. प्रत्येकी ५ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले, तर १०० वॅट-तास लागतात. २० वॅटचे दोन पंखे आठ तास चालले, तर ३२० वॅट-तास. बॅटरीवर चालणारे ४०-५० लिटरचे कॉम्प्रेसरयुक्त शीतकपाट उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ५०० वॅट-तास घेऊ शकते. भ्रमणध्वनी आणि लॅपटॉपसाठी १५० आणि पाण्याच्या पंपासाठी ३० वॅट-तास धरले, तर एकूण बेरीज ११०० वॅट-तास, म्हणजे १.१ युनिट होते.

या यादीत शीतकपाटाचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि ते रात्रंदिवस चालते. दिवा विझवता येतो, पंखा बंद करता येतो. मात्र शीतकपाट बंद ठेवून चालत नाही. प्रवासात कोणी मधुमेही असेल आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपायचे असेल, तर हा सुखसोयीचा प्रश्न राहत नाही. अशा कुटुंबासाठी विजेचा दुसरा स्रोत ही सुरक्षिततेची तरतूद ठरते.

छतावर किती वीज पिकते?

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील प्रमाणित परिस्थितीतले असतात : प्रखर प्रकाश आणि सौर घटाचे तापमान २५ अंश. भारतीय उन्हात छतावरच्या पॅनेलचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकते. तापमान प्रत्येक अंशाने वाढले, की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. ४० अंशांच्या फरकाने १२ ते १६ टक्के वीज तिथेच गळते. त्यात धूळ, तारांमधील घट आणि पॅनेल सपाट आडवे असणे यांची भर पडते.

म्हणून चांगल्या मोसमात पाच तासांचे पूर्ण ऊन धरून त्यातील ७० टक्केच हाती येईल, असे मानणे शहाणपणाचे. या हिशेबाने १०० वॅटचे पॅनेल दिवसाला सुमारे ३५० वॅट-तास देते. वरील कुटुंबाची १.१ युनिटची गरज भागविण्यासाठी ३२० वॅटच्या आसपास पॅनेल लागतील. आजच्या चांगल्या पॅनेलचा एक चौरस मीटर साधारण २०० वॅट देतो, त्यामुळे यासाठी दीड ते पावणेदोन चौरस मीटर जागा पुरे. मध्यम आकाराच्या व्हॅनच्या छतावर एवढी जागा सहज निघते. ती जागा सलग आणि सावलीविरहित असणे मात्र आवश्यक असते. एका पॅनेलमधील घट एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे वायुवीजनाच्या झडपेची किंवा वातानुकूलन यंत्राच्या पेटीची अरुंद सावली पडली, तरी त्या पॅनेलचा मोठा हिस्सा निकामी होऊ शकतो.

चालती गाडी हेच वीजघर

पॅनेलचा विचार करताना अनेकदा एक गोष्ट नजरेआड होते. गाडी चालू असताना इंजिनावरील अल्टरनेटर वीज तयार करतच असतो. ही वीज घरगुती बॅटरीपर्यंत योग्य दाबाने पोहोचविण्यासाठी डीसी-डीसी चार्जर नावाचे उपकरण बसवितात. अलीकडच्या अनेक गाड्यांतील अल्टरनेटर गरजेनुसार दाब कमी-जास्त करतात, त्यामुळे साध्या तारेची जोडणी पुरत नाही आणि हे उपकरण जवळपास अपरिहार्य ठरते. ३० अँपिअरचा असा चार्जर तासाला सुमारे ४०० वॅट-तास वीज बॅटरीत भरतो. याचा अर्थ एक तासाचा प्रवास १०० वॅटच्या पॅनेलच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा थोडा अधिकच देतो.

१.१ युनिटची गरज पावणेतीन तासांच्या प्रवासात भागते. आज एक किल्ला, उद्या एक मंदिर, परवा समुद्रकिनारा, अशा रोज पुढे सरकणाऱ्या सहलीत गाडी दिवसाला तीन-चार तास सहज चालते. अशा कुटुंबाने पॅनेल बसविले, तर दुपारपर्यंत बॅटरी भरलेली असेल आणि छतावर पडणारे ऊन वाया जाईल. जेथे रात्री कॅरॅव्हॅन पार्कमध्ये किंवा हॉटेलच्या आवारात विजेची जोडणी मिळते, तेथेही तीच गत. ठरलेल्या थांब्यांवर मुक्काम करणाऱ्या, भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना त्यामुळे पॅनेलचा लाभ मर्यादित असतो.

मधल्या एक-दोन दिवसांचा भार बॅटरीही पेलू शकते. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तास साठविते आणि तिची बहुतांश साठवण वापरता येते. शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटरीचे आयुष्य टिकवायचे असेल, तर निम्मीच साठवण वापरावी लागते. अशा दोन लिथियम बॅटऱ्या असल्या, तर साधा मुक्काम दोन दिवस काहीही न भरता निभावतो. तिसरा दिवस उजाडला आणि गाडी जागेवरून हलणार नसेल, तेव्हा पॅनेलची खरी कसोटी आणि खरी उपयुक्तता सुरू होते.

पॅनेलला ऊन, माणसाला सावली

स्थिर मुक्कामात एक विसंगती समोर येते. पॅनेल छतावर पक्के असेल, तर वीज मिळविण्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागते. पण एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ, मराठवाडा किंवा राजस्थानात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत दुपारी बसवत नाही. चालक साहजिकच कडुनिंबाची किंवा वडाची सावली शोधतो आणि त्या सावलीत छतावरचे पॅनेल नावापुरते उरते. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये हवा खेळती राहील एवढी फट ठेवली, तर पॅनेलचीच छतावर काहीशी सावली पडते. हा लाभ खरा असला, तरी झाडाच्या सावलीची जागा तो घेऊ शकत नाही.

घडी घालता येणारे, जमिनीवर मांडायचे पॅनेल हा यावरील एक व्यवहार्य पर्याय आहे. गाडी सावलीत आणि पॅनेल दहा पावलांवर उन्हात, अशी मांडणी करता येते. सूर्याच्या दिशेने ते कलते ठेवता येते आणि वाहनाच्या छताला छिद्र पाडावे लागत नाही. चोरीची भीती, वाऱ्याने उलटण्याची शक्यता, रोजची मांडामांड आणि प्रवासात ठेवायची जागा, या त्याच्या उणिवा. वर्षातून मोजकेच दिवस एका जागी राहणाऱ्यांना तरीही ते छतावरच्या पॅनेलपेक्षा सोयीचे पडू शकते.

वातानुकूलन यंत्राचे स्वप्न

सौर पॅनेलबद्दलच्या बहुतेक अपेक्षाभंगांचे मूळ वातानुकूलनात असते. एक टनाच्या इन्व्हर्टर यंत्राने सरासरी ६०० वॅट घेतले, असे धरले तरी आठ तासांच्या रात्रीसाठी ४.८ युनिट लागतात. ती वीज तयार करण्यासाठी सुमारे १४०० वॅटचे पॅनेल, म्हणजे जवळपास ७ चौरस मीटर जागा हवी. दोन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब छताचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर असले, तरी वायुवीजनाची झडप, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग आणि कडेची मोकळी जागा वगळता तेवढी सलग जागा क्वचितच उरते. शिवाय रात्री ऊन नसल्याने सगळी वीज आधी बॅटरीत साठवावी लागते. १२.८ व्होल्टच्या प्रणालीत त्यासाठी ४०० अँपिअर-तासांच्या आसपास बॅटरी केवळ या एका कामाला लागते.

बससारख्या मोठ्या वाहनात हे जमविता येते. मात्र त्याचा खर्च आणि वजन मोठे असते. विजेच्या शेगडीचेही तसेच. २००० वॅटवर वीस मिनिटांचा स्वयंपाक ६५० वॅट-तासांहून अधिक वीज खातो, म्हणजे शीतकपाटाच्या दिवसभराच्या वापरापेक्षा जास्त. ज्यांना रोज रात्री वातानुकूलन हवे आहे, त्यांनी पॅनेलवर भिस्त ठेवण्याऐवजी विजेची जोडणी असलेले मुक्काम निवडावेत, हे अधिक सरळ उत्तर ठरते.

प्रदेश आणि ऋतू

एकाच पॅनेलची कमाई देशभर सारखी नसते. डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य कन्याकुमारीला क्षितिजापासून सुमारे ५८ अंशांवर, पुण्यात ४८ अंशांवर, दिल्लीत ३८ अंशांवर, तर लेहमध्ये केवळ ३२ अंशांवर असतो. छतावर आडव्या ठेवलेल्या पॅनेलला भर दुपारी थेट उन्हाचा कन्याकुमारीत सुमारे ८५ टक्के, दिल्लीत ६२ टक्के आणि लेहमध्ये ५४ टक्केच लाभ होतो. उत्तरेकडे हिवाळी प्रवास करणाऱ्यांनी पॅनेल तिरपे उचलता येण्याची सोय ठेवली, तर त्यातील बरीच घट भरून निघते.

लडाख आणि स्पितीत हवा विरळ व स्वच्छ असल्याने ऊन प्रखर असते आणि थंडीत पॅनेलची कार्यक्षमताही वाढते. तेथे अडचण बॅटरीची येते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली भारित केल्यास तिची कायमची हानी होते. म्हणून ती गाडीच्या उबदार भागात ठेवणे आणि कमी तापमानात भरणे आपोआप थांबविणारी नियंत्रण प्रणाली तिच्यात असणे आवश्यक आहे. राजस्थान आणि कच्छमध्ये धूळ हा शत्रू असतो. कोरड्या मोसमात पॅनेल वारंवार पुसावे लागते.

कोकण, गोवा, केरळ आणि मेघालयात जून ते सप्टेंबर या काळात सलग अनेक दिवस आकाश झाकोळलेले असते. दाट ढगांच्या दिवशी उत्पादन एक चतुर्थांशापर्यंत खाली येऊ शकते. तेव्हा ३२० वॅटच्या पॅनेलकडून ११०० ऐवजी २८० वॅट-तास मिळतील, म्हणजे शीतकपाटाचा जेमतेम निम्मा दिवस भागेल. पावसाळी प्रवासात पॅनेल हा एकमेव आधार असू नये.

पैशांचे गणित

घराच्या छतावरील सौर प्रकल्प वीजबिल कमी करून आपली किंमत वसूल करतो. मोटारहोममधील पॅनेलला हा नियम लागू होत नाही. तयार झालेली वीज न वापरल्यास ती कोणालाही विकता येत नाही. समजा, पॅनेल, नियंत्रक, चौकट आणि तारा मिळून ४०,००० रुपये खर्च आला. वर्षातून ४० दिवस गाडी विजेविना उभी राहिली आणि दिवसाला एक युनिट वापरला गेला, तर दहा वर्षांत ४०० युनिट होतात; प्रत्येक युनिट १०० रुपयांना पडला. हेच कुटुंब वर्षातील २५० दिवस अशा रीतीने गाडीत राहत असेल, तर २५०० युनिट होतात आणि दर १६ रुपयांवर येतो. पहिल्या प्रकरणात ही खरेदी बचतीची नसून सोयीची आहे, हे मान्य करूनच ती करावी. जनरेटरच्या आवाजाशिवाय आणि इंजिन उगाच चालू न ठेवता मिळणारी रात्र अनेकांना त्या किमतीची वाटते. मात्र ती गुंतवणूक म्हणून मांडणे दिशाभूल करणारे ठरते.

पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान वीजजाळ्याशी जोडलेल्या निवासी छतांसाठी आहे. वाहनाच्या छताला ते मिळत नाही. पॅनेलवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा मात्र सर्वांसाठी आहे.

बसविण्यापूर्वी

वाहनाचे छत हे घराच्या गच्चीसारखे नसते. ते हादरते, वाकते आणि वाऱ्याला तोंड देते. गाडीचा वेग दुप्पट झाला, की पॅनेलवरील वाऱ्याचा जोर चौपट होतो. घरांवर बसविली जाणारी ५०० वॅटहून अधिक क्षमतेची पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि ३० किलोच्या आसपास वजनाची असतात. स्वस्त मिळतात म्हणून तीच गाडीवर चढविण्याचा मोह टाळावा. खाचखळग्यांच्या रस्त्यावर त्यांच्या घटांना सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. पातळ, लवचीक पॅनेल हलकी असतात. परंतु छताला थेट चिकटविल्याने अधिक तापतात आणि काचेच्या पॅनेलइतकी टिकत नाहीत. निवडलेले पॅनेल भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४२८६ या मानकानुसार नोंदणीकृत आहे का, हे पाहून घ्यावे.

३०० वॅटची वीज १२ व्होल्टवर वाहताना २५ अँपिअरचा प्रवाह होतो. बारीक तार तापते आणि आग लागू शकते. योग्य जाडीची तार, बॅटरीजवळ फ्यूज, पॅनेलची जोडणी तोडणारा स्वतंत्र खटका आणि एमपीपीटी प्रकारचा नियंत्रक या बाबींवर काटकसर करू नये. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्यात विद्युत दाब असतोच, हे दुरुस्ती करणाऱ्यानेही ध्यानात ठेवले पाहिजे. तारा जेथून आत येतात ती जागा नीट बंद केली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात गळती सुरू होते.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील, असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. नवी गाडी बांधून घेताना पॅनेलचा समावेश मंजुरीसाठी जाणाऱ्या आराखड्यातच करून घेणे सर्वांत सुरक्षित. नोंदणी झालेल्या गाडीवर नंतर पॅनेल बसवायचे असेल, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर दावा फेटाळला जाण्यापेक्षा आधीचा एक अर्ज स्वस्त पडतो.

निर्णय कसा घ्यावा?

तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे पुरेशी आहेत. गाडी एका ठिकाणी, विजेच्या जोडणीशिवाय, सलग तीन किंवा अधिक दिवस वारंवार थांबते का? दिवसाचा वापर, वातानुकूलन वगळता, एक-दीड युनिटच्या आत आहे का? प्रवास मुख्यतः पावसाळ्याबाहेरचा आहे का? तिन्हींना होकार असेल, तर ३०० ते ४०० वॅटचे पॅनेल सार्थ ठरते. पहिल्याच प्रश्नाला नकार असेल, तर तो पैसा चांगल्या बॅटरीवर आणि डीसी-डीसी चार्जरवर खर्च करणे अधिक हिताचे. औषधांसाठी शीतकपाट अखंड चालावेच लागणार असेल, तर पॅनेल, इंजिन आणि बाहेरील जोडणी यांपैकी किमान दोन स्रोत हाताशी असावेत.

दोन सहलींच्या मध्ये गाडी महिनोन्‌महिने उभी राहणाऱ्यांसाठी एक मधला मार्गही आहे. ५० ते १०० वॅटचे लहान पॅनेल बॅटरी हळूहळू उतरण्यापासून वाचविते. अर्थात, त्यासाठी गाडी उघड्यावर हवी. इमारतीच्या तळघरातील वाहनतळात त्याचा उपयोग शून्य.

ज्यांची उत्तरे अजून निश्चित नाहीत, त्यांनी घाई करण्याचे कारण नाही. बॅटरीत किती वीज आली आणि किती गेली हे दाखविणारा मापक तुलनेने स्वस्त असतो. गाडी बांधताना छतापर्यंत जाणारी तारेची नळी तेवढी ठेवून घ्यावी, एक मोसम पॅनेलशिवाय प्रवास करावा आणि रोजच्या नोंदी वहीत उतरवाव्यात. किती सकाळी बॅटरी रिकामी होती आणि त्यांपैकी किती वेळा गाडी जागेवरून हलणार नव्हती, हे त्या वहीत स्पष्ट दिसेल. असे दिवस बोटांवर मोजण्याइतके निघाले, तर छत मोकळे ठेवण्यातच शहाणपण आहे.